‘काय काम आहे?’ असं कुणी विचारलंच नाही

दुपारचे साडेतीन वाजले होते आणि अंधार पडू लागला होता. नोव्हेंबर संपत आलेला. हेलसिंकीच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलो आणि वाऱ्याने डोळ्यांतून पाणीच काढलं. भाची म्हणाली, “मावशी, पाचच मिनिटं चालायचंय. तिथे ऊब आहे, कॉफी आहे, आणि तुझ्या कोटाचं अस्तरही तिथेच शिवून टाकू.”

अस्तराचं मी विसरूनच गेले होते. प्रवासात कोटाचं अस्तर उजव्या अंगाला चांगलं वीतभर उसवलं होतं, हात घालायला गेलं की बोटं भलतीकडेच जायची. सुईदोरा घरीच राहिलेला. मला वाटलं, ही मला एखाद्या शिंप्याकडे नेते आहे. ती मला घेऊन गेली वाचनालयात.

एका मोकळ्या चौकाच्या कडेला ते उभं आहे. खालचा भाग सगळा लाकडाचा, फिनलंडच्या स्प्रूस वृक्षाच्या फळ्यांचा. ते लाकूड वळत वळत दारापुढे असं झुकलेलं, की आपण पावसात कुणाच्या तरी ओसरीला आलो आहोत असं वाटावं. वर काचेचा लांबच लांब उजळ पट्टा आणि त्याच्यावर लाटेसारखं पांढरं छप्पर. नाव ‘ओदी’. फिनिश भाषेत ओदी म्हणजे गौरवगीत. हे नाव लोकांनीच सुचवलेलं. महापालिकेने आवाहन केलं तेव्हा सोळाशेच्या आसपास नावं आली, त्यातून हे निवडलं.

फिनलंड ६ डिसेंबर १९१७ला स्वतंत्र झाला. शंभर वर्षं पूर्ण होताना देशाने स्वतःला काय भेट द्यावी, तर राजधानीच्या मधोमध एक वाचनालय. सव्वासतरा हजार चौरस मीटरची इमारत, खर्च सुमारे ९ कोटी ८० लाख युरो, त्यातले ३ कोटी केंद्र सरकारचे आणि बाकीचे शहराचे. ५ डिसेंबर २०१८ला, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, दारं उघडली. पहिल्याच वर्षात तीस लाखांहून जास्त वेळा लोक ती दारं ओलांडून आत गेले. हेलसिंकीची वस्ती तेव्हा साडेसहा लाखांच्या घरातली, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो.

दार ढकलून आत गेले आणि सवयीने खांद्यावरची पिशवी काढून हातात घेतली. पिशवी कुठे ठेवायची ते भाचीला विचारलं. तिला माझा प्रश्नच कळेना. “ठेवायची कशाला?” वही नव्हती, सही नव्हती, कुणी मान वर करून पाहिलं नाही. हे ऐकताना साधं वाटेल. पण मी लहान असताना आमच्या गावातल्या वाचनालयात लोखंडी जाळीच्या खिडकीपुढे उभं राहून चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यावं लागे. पुस्तकं आतल्या कुलूपबंद कपाटांत. ती पाहून निवडायची सोय नव्हती. जे पुस्तक आपण कधी पाहिलंच नाही त्याचं नाव लिहायचं कसं? आणि खिडकीतून पहिला प्रश्न यायचा, “काय काम आहे?” दहा वर्षांच्या मुलीला या प्रश्नाचं उत्तर सुचायचं नाही. मी कितीदा तरी तशीच परत फिरले आहे. म्हणून ओदीत शिरल्यावर पहिलं आश्चर्य वाटलं ते न विचारलेल्या त्या प्रश्नाचं.

तळमजला म्हणजे छप्पर घातलेला चौकच. मधे एकही खांब नाही. शंभर मीटरहून लांब अशा दोन पोलादी कमानींवर सगळी इमारत पुलासारखी पेललेली आहे. या जागेखालून कधीकाळी भुयारी रस्ता न्यायचा विचार होता, म्हणून पायाला मोकळीक ठेवावी लागली, आणि त्या अडचणीतून हे विस्तीर्ण दालन मिळालं. एका बाजूला खाण्याची जागा, दुसऱ्या बाजूला जुने-नवे निवडक चित्रपट दाखवणारं ‘किनो रेगिना’ हे चित्रपटगृह. दोन म्हातारे बुद्धिबळाचा डाव मांडून बसले होते. त्यांच्यातल्या एकाच्या पायाशी भाजीची पिशवी होती, पिशवीतून कांद्याची पात डोकावत होती. बाजार आटोपून घरी जाता जाता डाव खेळायला थांबलेला माणूस.

वर जायला काळा, गोल फिरत जाणारा जिना आहे. त्याच्या अंगावर शब्दच शब्द लिहिलेले. हे काम ओट्टो कार्वोनेन या कलावंताचं. पुस्तकाला अर्पणपत्रिका असते ना, तशी ही इमारतीची अर्पणपत्रिका. हे वाचनालय कुणाला अर्पण करावं, असं लोकांना विचारलं होतं. त्यांच्या उत्तरांतून शेकडो तऱ्हांची माणसं निघाली, त्यांची नावं इथे एकेका शब्दात आहेत. मला फिनिश येत नाही. तरी मी कठड्याला धरून ते शब्द बघत बघत सावकाश चढले. माझ्यासारखीलाही यातला एखादा शब्द लागू पडत असणार, असं मनात आलं.

दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि मी जिन्याच्या तोंडाशीच थांबले. समोर रांगेने शिवणाची मशीन्स.

शिवणयंत्रं, ओव्हरलॉकची यंत्रं, भरतकाम करणारं यंत्र. त्यांच्या पलीकडे थ्री-डी प्रिंटर, लेझरने लाकूड कापणारं यंत्र, भिंतीएवढं चित्र छापणारं छपाईयंत्र. काचेच्या बंद खोल्यांत संगीताचे स्टुडिओ. एका खोलीत एक पोरगा कानाला हेडफोन लावून गिटार वाजवत होता, आवाज बाहेर येत नव्हता, पण त्याचा पाय ठेका धरत होता तो दिसत होता. छायाचित्रणाची खोली, खेळाच्या खोल्या, चारचौघांनी मिळून स्वयंपाक करावा असं एक स्वयंपाकघर. कागद किंवा प्लास्टिकसारखा माल वापरला तर त्याचे थोडे पैसे द्यायचे, शिवणयंत्रावर बसायला काही नाही. भाचीने वाचनालयाच्या कार्डावर एका यंत्राची वेळ आधीच धरून ठेवली होती.

शेजारच्या यंत्रावर माझ्याच वयाची एक बाई होती. नातवंडाची बर्फात घालायची विजार तिने पुढ्यात घेतली होती. जुनी चेन उसवून काढलेली, नवी चेन टाचण्या लावून बसवलेली. ती टीप मारत होती आणि जाड कापडापाशी यंत्र अडत होतं. ती थांबायची, कापड थोडं मागे ओढायची, पुन्हा पायाने दाब द्यायची. माझी आई पायमशीनवर जाड कापड शिवताना मशीनचं चाक हाताने फिरवायची, एकेक टाका मोजून घ्यायची. मी उठून खुणेने तसं करून दाखवलं. तिने तिचं उजव्या बाजूचं चाक हाताने फिरवून पाहिलं. सुई खाली गेली, वर आली. अडलेली जागा चार टाक्यांत पार झाली. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि पुढच्या टिपेला लागली. त्या विजारीच्या पोटरीवर चकाकणारी पट्टी होती. हिवाळ्यात इथे दिवसाचे अठरा तास अंधार असतो, तेव्हा रस्त्यावरून चालणाऱ्याच्या कपड्यांवर प्रकाश परतवणारं काहीतरी असावंच लागतं.

माझं अस्तर दहा मिनिटांत झालं. बॉबिन भरताना दोरा कुठून घ्यायचा ते कळेना, तेव्हा तिथला ग्रंथपाल आला. हो, ग्रंथपालच. त्याने दोरा ओवून दिला, टाक्याची लांबी कशी बदलायची ते दाखवलं आणि पलीकडे थ्री-डी प्रिंटरपाशी अडलेल्या मुलीकडे गेला.

ही सगळी यंत्रं वाचनालयात कशाला, असा प्रश्न मलाही पडला. त्या रात्री भाचीच्या घरी मी त्यावर बराच विचार केला. वाचनालय निघालं तेव्हा पुस्तक ही एकट्या घराला न परवडणारी वस्तू होती. चार घरांनी मिळून ठेवली तर सगळ्यांना मिळेल, एवढं सरळ गणित. आता कादंबरीची प्रत घेणं बहुतेकांना जमतं. पण दोन खोल्यांच्या घरात ढोल वाजवता येत नाही, वर्षातून दोनदा लागणारं ओव्हरलॉकचं यंत्र कुणी घेत नाही, लेझर कटर तर लांबच. गणित तेच आहे, वस्तू बदलल्या. आपल्या एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं शेवटचं सूत्र ग्रंथालय हे वाढत जाणारं, जिवंत शरीर आहे असं सांगतं. मद्रासमध्ये बसून लिहिलेल्या त्या सूत्राचा अर्थ मला हेलसिंकीत दुसऱ्या मजल्यावर कळला.

आणि हे कुणा एका हौशी अधिकाऱ्याच्या मनात आलं म्हणून झालेलं नाही. फिनलंडमध्ये वाचनालयांचा पहिला कायदा १९२८चा. सध्याचा कायदा २०१७पासून लागू आहे. शिकायला, काम करायला, छंद जोपासायला आणि नागरिक म्हणून एकत्र यायला जागा देणं हे वाचनालयाचं कर्तव्यच आहे, असं तो सांगतो. पुस्तक घरी नेणं, राखून ठेवायला सांगणं, मार्गदर्शन मागणं, सगळं विनामूल्य, हेही त्यातच. कायद्याच्या उद्दिष्टांत लोकशाही आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे शब्द आहेत. वाचनालयाच्या कायद्यात हे शब्द असावेत, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिसऱ्या मजल्याला ते पुस्तकांचा स्वर्ग म्हणतात. चारी बाजूंनी काच, डोक्यावर पांढऱ्या ढगांसारखं छत, आणि दोन्ही टोकांना जमीन हळूहळू उंचावत गेलेली, टेकडीच्या उतारासारखी. त्या उतारावर मुलं लोळत होती. मधेमधे खरी झाडं. पुस्तकांचे घोडे मुद्दाम बुटके ठेवलेले, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर जाते. एका कोपऱ्यात बाबागाड्या ओळीने लावलेल्या, जणू त्यांचाही वाहनतळ.

इथे सुमारे एक लाख पुस्तकं आहेत. एवढ्या मोठ्या इमारतीत पुस्तकांना एकच मजला, ही तक्रार फिनलंडमध्येही झाली. पुस्तकांवर वाढलेल्या माझ्या मनालाही ते आधी खटकलं. पण हेलसिंकी आणि शेजारच्या तीन शहरांची वाचनालयं एकाच जाळ्यात आहेत. हवं ते पुस्तक मागितलं की ते इथे येतं आणि परत करायचं तर चारांपैकी कुठल्याही वाचनालयात. परत आलेली पुस्तकं तळमजल्यावरच्या पट्ट्यावरून तळघरात जातात, तिथे यंत्र त्यांची वर्गवारी करतं, आणि मग छोटे यंत्रमानव ती लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आणून पोचवतात. फिनिश बालवाङ्मयातल्या तातू, पातू आणि वेरा या पात्रांची नावं त्यांना दिली आहेत. त्यांच्यातला एक लिफ्टमधून बाहेर आला तेव्हा तीन-चार वर्षांची एक मुलगी वाट अडवून उभी राहिली. तो थांबला. ती हलेना. तोही हलेना. शेवटी आईने तिला उचलून घेतलं, तेव्हा तो पुढे गेला.

पश्चिमेकडच्या काचेशी गेले. बाहेर मोठी गच्ची आहे, थंडीमुळे काचेतूनच पाहिली. समोर, चौकाच्या पलीकडे, ग्रॅनाइटची भव्य इमारत आणि तिच्या दर्शनी बाजूला चौदा खांब. ती फिनलंडची संसद, १९३१ची. भाचीने दाखवलं, “गच्चीची उंची बघ. आणि तिथे त्या पायऱ्यांच्या वरचा चौथरा बघ.” दोन्ही एका पातळीवर. लोकांनी निवडून दिलेले जिथे उभे राहतात, त्याच उंचीवर ज्यांनी निवडून दिलं ते कॉफीचा पेला हातात घेऊन उभे राहू शकतात. आराखडा करताना ‘एएलए’ या वास्तुसंस्थेने हे ठरवून केलं. मी पुष्कळ देवळं, राजवाडे, स्मारकं पाहिली. एवढी स्पष्ट बोलणारी रचना क्वचित पाहिली.

या देशाचं अक्षरांशी नातं जुनं आहे आणि ते नेहमी गोड नव्हतं. पूर्वी चर्चची परीक्षा असे. वाचता आलं नाही तर लग्नाला परवानगी नाही. अलेक्सिस किवीची ‘सात भाऊ’ ही १८७०ची कादंबरी फिनिश भाषेची पहिली मोठी कादंबरी. तिच्यातले सातही भाऊ अक्षरं गिरवण्याच्या धाकानेच पळून रानात जातात, आणि पुढे वाचायला शिकतात. वाचनालयाला फिनिश शब्द आहे ‘किर्यास्तो’. ‘किर्या’ म्हणजे पुस्तक, ‘स्तो’ म्हणजे समूह. आपल्या ‘ग्रंथसंग्रहालया’चा सख्खा भाऊच. दुसऱ्या दिवशी रिखार्डिन्कातू या रस्त्यावरचं जुनं वाचनालय पाहिलं. १८८२ची ती इमारत. खास सार्वजनिक वाचनालयासाठी म्हणून सगळ्या उत्तरेकडच्या देशांत बांधलेली पहिली. गोल जिना, शांतता, पानं उलटल्याचा आवाज. ज्यांना ती शांतता हवी त्यांच्यासाठी ती अजून राखलेली आहे, हे पाहून मन निवलं. ओदीमुळे ते बंद पडलं नाही.

सगळं गोजिरवाणं आहे असं मात्र सांगणार नाही. सर्वांना दार उघडं म्हणजे खरोखर सर्वांना. ज्याला झोपायला घर नाही तोही येतो, दारू प्यायलेला येतो, टोळक्याने फिरणारी उनाड मुलंही येतात, आणि कर्मचाऱ्यांना त्यांच्याशी रोज निभवावं लागतं. मी बसले होते तिथून चार खुर्च्या सोडून एक माणूस दोन कोट अंगावर घालून झोपला होता. त्याच्या मांडीवर उघडं वर्तमानपत्र होतं. तासाभरात त्याला कुणी उठवलं नाही. बाहेर उणे चार होतं.

हेलसिंकीनंतर आम्ही डेन्मार्कला गेलो. ऑर्हुस हे बंदराचं शहर, तिथलं ‘डॉक्क १’ हे वाचनालय २०१५ साली समुद्राकाठी उघडलं. पासपोर्ट, वाहनपरवाना यांसारखी सरकारी कामंही त्याच छपराखाली होतात. पण मला सांगायचं आहे ते एकाच गोष्टीबद्दल. आतल्या मोठ्या जिन्यापाशी छतापासून एक प्रचंड नळीसारखी घंटा टांगलेली आहे, वजन तीन टन. शहरातल्या इस्पितळात बाळ जन्मलं की आईबापांनी तिथे एक बटण दाबायचं. इकडे वाचनालयात घंटा वाजते. मी बालविभागाजवळ बसले असताना ती वाजली. खोल, लांबवर रेंगाळणारा नाद. संगणकावर काम करणाऱ्या एका तरुणाने मान वर करून छताकडे पाहिलं आणि हसून पुन्हा कामाला लागला. गावात एक माणूस वाढला, ही बातमी सगळ्यांत आधी वाचनालयाला. आपल्याकडे मूल जन्मलं की ताट वाजवतात, त्याची मला फार आठवण झाली.

घरी परतताना विमानात मी आपल्याच वाचनालयांचा विचार करत होते. आपलं दारिद्र्य पुस्तकांच्या प्रेमाचं नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, भारतातला तो पहिला. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, म्हणजे रिखार्डिन्कातूहून चौतीस वर्षांनी जुनं. १९६७चा महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि त्याच्या अनुदानावर गावोगावी हजारो वाचनालयं चालतात. ती चालवणारी माणसं तुटपुंज्या मानधनावर आयुष्य काढतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. नऊ कोटी युरो आपल्याकडे कुणी मागत नाही. पण जाळीची खिडकी काढायला किती खर्च येतो? कपाटाचं कुलूप काढायला? माडीवरच्या रिकाम्या खोलीत एक चालू शिवणयंत्र, एक संगणक, पेटी-तबला आणि सतरंजी ठेवायला?

तुमच्या गावच्या वाचनालयाच्या पुढच्या वार्षिक सभेला जा. सभासद नसाल तर वर्गणी भरून सभासद व्हा. तिथे उभं राहून एवढंच मागा, की एक कपाट उघडं ठेवा, एक खोली लोकांना द्या, आणि दारात आलेल्या मुलीला काय काम आहे असं विचारू नका.